मायेचं पाणी जास्त झालं

आज आमच्या गटाची एक चूक सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

मागच्या जूनमध्ये गटाच्या पैशातून आम्ही छोट्या निवडुंगाची 40 रोपं आणली. वाढवून बाजारात विकायची होती. ऑगस्टपर्यंत 26 बुडाशी सडली. हात लावला तर भाजलेल्या वांग्यासारखी मऊ! बैठकीत भांडण जुंपलं, पाणी कुणी घातलं नाही? चौकशी केली तर उलटंच. ओसरीवरून जाणारी प्रत्येक जण तांब्याभर पाणी घालत होती. वरून पावसाची झड.

निवडुंग पाणी आपल्या जाड खोडातच साठवून ठेवतो. मुळं सतत ओली राहिली की त्यांना हवा मिळत नाही, ती कुजतात.

ज्यांचा शेंडा हिरवा, टणक होता, ती आम्ही स्वच्छ सुरीनं वरून कापली. आत तपकिरी डाग दिसेनासा होईपर्यंत कापत गेलो. आठ दिवस सावलीत सुकवली आणि कोरड्या वाळूत टेकवून ठेवली. त्यातली 11 जगली.

आता आमची रीत अशी. कुंडीला खाली भोक हवंच. एक वाटा माती आणि कुजलेलं शेणखत, दोन वाटे भरड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे. पाणी घालण्याआधी मातीत काडी खोचायची. ती कोरडी निघाली तरच पाणी, आणि तेही खालून निथळेपर्यंत. थंडीत पाणी आणखी कमी. पावसाळ्यात कुंड्या छपराखाली, पण उजेडात. सकाळचं ऊन द्यायचं, कडक उन्हाची सवय हळूहळू लावायची. कापसासारखी पांढरी कीड दिसली तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची. रोप उचलताना कागदाची जाड घडी गुंडाळायची.

बांधावरचा त्रिधारी निवडुंग मात्र वेगळा. त्याचा चीक डोळ्यांना घातक आहे. मुलांना जपा.

आज ओसरीवर 25 कुंड्या आहेत. गटाचे पैसे अजून पूर्ण फिटलेले नाहीत. पण पाण्याचं काम आता एकाच ताईकडे, आणि तारीख वहीत. बाकी सगळ्यांनी फक्त बघायचं, तांब्या घरी ठेवून!