‘विधवा’ : एका शब्दाची चौकशी

(मेहरूण, जळगाव येथे बचत गटांतील महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी एका शब्दाविषयी बोलणार आहे. शब्द आहे ‘विधवा’. समाजकार्याचे शिक्षण घेऊन मी या कामात आले, तेव्हापासून निराधार योजनेचे कितीतरी अर्ज बायांसोबत बसून भरले. नाव, वय, पत्ता सांगताना बाईचा आवाज नीट असतो. हा रकाना आला की ती खाली बघते. एका शब्दात एवढा भार कुठून आला, त्याची ही चौकशी.

हा शब्द फक्त आपला नाही. इंग्रजीत ‘विडो’, जर्मनमध्ये ‘विट्व्हे’, रशियनमध्ये ‘व्दोवा’, इटालियनमध्ये ‘व्हेदोवा’, फ्रेंचमध्ये ‘व्हव्ह’. जुन्या लॅटिनमध्ये ‘विदुआ’. या सगळ्या आपल्या ‘विधवा’च्या सख्ख्या बहिणी. आणि आपल्या मेहरूणच्या मुस्लिम मोहल्ल्यात ज्या मैत्रिणी ‘बेवा’ म्हणतात, तो शब्द फारसीतून आला आणि तोही याच घरातला! हजारो वर्षांपूर्वी या भाषा एका मूळ भाषेतून फुटल्या, तेव्हापासून हा शब्द चालत आला आहे.

त्याचा मूळ अर्थ काय? वेगळे होणे, रिकामे होणे. लॅटिनमध्ये त्याच घरातला शब्द कशालाही मुकलेल्या कोणासाठीही वापरत. म्हणजे शब्दाच्या मुळाशी दुःख आहे, ताटातूट आहे. पण नवरा नाही, पाप नाही आणि अपशकुन तर नाहीच.

शाळेत आपल्याला वेगळेच शिकवतात. ‘वि’ म्हणजे विना, ‘धव’ म्हणजे पती. जिला पती नाही ती विधवा. भाषेचे अभ्यासक मात्र उलट सांगतात. विधवा हा शब्द आधीचा. पुढे लोकांनी त्याची अशी फोड केली आणि त्या फोडीतून ‘धव’ म्हणजे नवरा हा शब्द तयार झाला. गंमत बघा, बाईच्या शब्दातून नवरा निघाला, आणि मग त्याच नवऱ्याच्या नसण्यावरून बाईची ओळख ठरली! इंग्रजीतही तसेच. बायको गेलेल्या पुरुषाचा ‘विडोअर’ हा शब्द ‘विडो’ला शेपूट जोडून केलेला. आपल्याकडे पुरुषासाठी ‘विधुर’ आहे, पण लग्नाच्या जाहिरातीबाहेर तो कोणाला चिकटलेला मी पाहिला नाही. वर्षश्राद्ध व्हायच्या आत त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात होते.

आता दुसरा शब्द घेते. तो भर सभेत कसा उच्चारायचा, असे काहींना वाटेल. पण आपल्याला ऐकवताना कोणी लाजत नाही. संस्कृतात ‘रण्डा’ म्हणजे विधवा. पंजाबीत आजही ‘रंडी’ म्हणजे विधवा, साधा शब्द. गुजरातीत ‘रांडवुं’ म्हणजे विधवा होणे. आपल्याकडे ‘रंडकी’ म्हणजे नवरा गेलेली. आणि हिंदीत तोच शब्द वेश्येसाठी, मराठीत तीच शिवी. विधवेचा शब्द शिवी का झाला? जिच्यावर एका पुरुषाची मालकी नाही ती कोणाचीही, असे समजणाऱ्या समाजाने तो केला. शब्द बिघडत नाहीत, मैत्रिणींनो, बिघडवले जातात.

तर मग याच शब्दाचे दुसरीकडे काय झाले? फ्रान्समध्ये 1805 साली बार्ब-निकोल क्लिको नावाची बाई 27 व्या वर्षी विधवा झाली. सासरचा दारूचा धंदा तिने हातात घेतला आणि देशोदेशी नेला. आजही त्या बाटलीवर ‘व्हव्ह क्लिको’ म्हणजे ‘विधवा क्लिको’ असे छापलेले असते. फ्रेंच लोक फार उदार होते म्हणून हे झाले, असे नाही. 1804 च्या त्यांच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय व्यवहार करता येत नव्हता. विधवेला मात्र येत होता. तिच्या हातात सही होती. शब्द तोच, पण सहीमुळे त्याचा दर्जा बदलला.

आपल्याकडे मात्र सहीपेक्षा नावामागच्या बिरुदाची चर्चा जास्त. नवरा आहे तोवर ‘सौ.’, गेला की ‘गं. भा.’ किंवा ‘श्रीमती’. हिंदीत ‘श्रीमती’ म्हणजे नवरा असलेली, आपल्याकडे बहुधा नसलेली. आणि मूळ अर्थ नुसता ‘श्री असलेली’! 2023 मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवा शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावे का, याचा विचार करण्यास आपल्या खात्याला सांगितले. त्यावर मोठी टीका झाली आणि निर्णय झालेला नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी, मे 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने वेगळी वाट धरली. नाव बदलत न बसता कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. यातले कोणते काम खरे, ते तुम्हीच ठरवा.

आता कामाचे बोलते. 1856 च्या कायद्याने हिंदू विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण लग्न केले की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने चित्र बदलले. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा. मुस्लिम मैत्रिणींना सुन्नी वारसा नियमांनुसार मुले असतील तर आठवा, नसतील तर चौथा हिस्सा. हा कोणाचा उपकार नाही.

पण घडते काय? तेराव्याच्या आत घरातला कोणीतरी कागद घेऊन येतो. “वहिनी, इथं अंगठा द्या, नुसती रीत आहे.” तो कागद असतो हक्कसोडपत्राचा. एका बाईने मला विचारले होते, “ताई, मी नाही म्हटलं तर हे मला घरात राहू देतील का?” हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर एकटीने द्यायचे नसते. म्हणून सांगते : दुःखाच्या दिवसांत कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा नको. मृत्यूचा दाखला स्वतःजवळ ठेवा. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा आणि सातबाऱ्यावर आपले नाव चढले का, ते डोळ्यांनी पाहा. जाताना गटातल्या दोघी सोबत न्या. आणि शेजारी कोणावर ही वेळ आली, तर तिच्या बांगड्यांकडे बघू नका, तिच्या कागदांकडे बघा.

शेवटी आपल्याच मातीतले उदाहरण. बहिणाबाई चौधरी, जन्म 1880, माहेर असोदे, सासर जळगाव. ऐन तिशीत नवरा गेला. शेतात राबल्या, जात्यावर गायल्या, 1951 मध्ये गेल्या. 2018 पासून आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्या नावाआधी सौ. नाही, श्रीमती नाही, गं. भा. तर नाहीच. तिथे लिहिले आहे ‘कवयित्री’. बाईची ओळख तिच्या कामावरून लिहिता येते, हे ज्याला शंका असेल त्याला विद्यापीठाच्या फाटकाशी नेऊन दाखवा.