संगणकाची रजिस्ट्री : आधी नक्कल, मग फेरफार



२०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, पांढुर्णा व सौंसर या दोन्ही तहसिलींत, ‘रजिस्ट्री’ म्हटले की शेताचे खरेदीखतच डोळ्यांपुढे उभे राहते. विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाचीही एक रजिस्ट्री असते. तिचा खरेदी-विक्रीशी संबंध नाही. साम्य आहे ते पटवाऱ्याच्या खसऱ्याशी. कोणते उपकरण जोडले आहे, कोणती फाइल कशाने उघडावी, या सर्वांची नोंद तीत असते. पूर्वी या नोंदी सुट्या फायलींत विखुरलेल्या असत. १९९५ च्या विंडोज ९५ पासून त्या मुख्यत्वे या एका दप्तरात आल्या.

दप्तर उघडणे सोपे आहे. विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरावी व ‘आर’ची कळ दाबावी. उघडलेल्या चौकटीत आर, ई, जी, ई, डी, आय, टी ही सात इंग्रजी अक्षरे सलग लिहून एंटर दाबावे. संगणक परवानगी विचारतो, तेथे ‘येस’ म्हणावे. डावीकडे पाच मुख्य शाखा व उजवीकडे प्रत्येक नोंदीचे नाव, प्रकार आणि मूल्य दिसते.

येथे ‘सेव्ह’चे बटण नाही आणि झालेली चूक मागे घेण्याचीही सोय नाही. ‘ओके’ म्हणताच नोंद बदलते. खसऱ्यात नाव चुकले तर तहसील कचेरीत अर्ज तरी देता येतो. येथे अर्ज घेणारा कोणी नाही. चुकीच्या फेरफाराने संगणक सुरूच न होण्याची पाळी येऊ शकते, आणि ज्या शाळेत एकच यंत्र आहे तेथे मुलांची हजेरी व गुणपत्रके त्यातच अडकून पडतात. म्हणून प्रथम ‘फाइल’मधील ‘एक्सपोर्ट’ने त्या शाखेची नक्कल घ्यावी व रिस्टोअर पॉइंटही तयार करावा. पुढे नकलेवर दोनदा टिचकी मारली असता बदललेली मूल्ये पूर्ववत होतात. नव्याने घातलेली नोंद मात्र तेवढ्याने जात नाही, ती हाताने काढावी लागते.

या दप्तराचा एक उपयोग शाळा व पंचायतींच्या कामाचा आहे. पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरतात. पूर्वी पेन ड्राइव्ह लावलेल्या यंत्रावर हे दार बंद करता येते. त्यासाठी ‘एचकी लोकल मशीन’, ‘सिस्टिम’, ‘करंट कंट्रोल सेट’, ‘सर्व्हिसेस’, ‘यूएसबीस्टोर’ या क्रमाने जावे. तेथील ‘स्टार्ट’ नोंदीचे मूल्य ३ असते, ते ४ करावे. कळफलक व माउस चालूच राहतात. नक्कल मात्र पेन ड्राइव्हवरच ठेवू नये. दार बंद झाल्यावर ती बाहेरच राहील! परीक्षेच्या काळात पेन ड्राइव्हची गरज पडली, तर त्याच नोंदीत ४ चे पुन्हा ३ करावे.