‘इस्माईल’ या नावाचा अर्थ



आपल्या हजेरीपटावर एखादा तरी इस्माईल असतोच. हे नाव मुळात इब्रानी भाषेतले आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. मूळ उच्चार ‘यिश्माएल’. ‘यिश्मा’ म्हणजे ऐकतो आणि ‘एल’ म्हणजे ईश्वर. अल्लाहचे ‘अस्-समीअ’, म्हणजे सर्व ऐकणारा, हे अरबी नाव त्याच मुळाचे. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, बेने इस्राएल, यांना गावकरी शनवार तेली म्हणत. धर्मग्रंथ दुरावले तरी ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी जपली, असे त्यांची परंपरा सांगते. ‘शेमा’ म्हणजे ऐक. तोही शब्द याच कुळातला!

तौरातच्या पहिल्या ग्रंथात हे नाव बाळाच्या जन्माआधीच येते. घर सोडून रानातल्या झऱ्याशी एकट्या बसलेल्या बीबी हाजरांना फरिश्ता सांगतो की, तुमचे दुःख ऐकले गेले आहे, मुलाचे नाव इस्माईल ठेवा. कुरआन शरीफात, सूरह इब्राहीममध्ये, हजरत इब्राहीम (अ.स.) म्हातारपणी लाभलेल्या इस्माईल व इसहाक यांच्याबद्दल शुक्र अदा करतात आणि आपला रब दुआ ऐकणारा आहे असे म्हणतात. नावाचा अर्थच तेथे उमटला आहे.

कुर्बानीचा प्रसंग आपण दर बकरी ईदला ऐकतो. त्यातली एक गोष्ट मात्र निसटते. सूरह साफ्फातमध्ये पिता आपले स्वप्न सांगतो आणि मुलालाच विचारतो की, यावर तुझे मत काय? (तेथे मुलाचे नाव आलेले नाही, बहुतेक मुस्लिम भाष्यकार तो इस्माईलच मानतात.) एवढा थोर पैगंबर, एवढी मोठी आज्ञा, तरी मुलाला विचारल्यावाचून पाऊल नाही.

मोहर्लीकरांना ऐकणे शिकवावे लागत नाही. ताडोबाच्या दाराशी राहणारा वाटाड्या चितळाच्या एका हाकेवरून वाघ कोणत्या अंगाला आहे ते ओळखतो. मग संध्याकाळी घरी मुलगी विचारते, ‘अब्बा, दहावीनंतर चंद्रपूरला शिकायला जाऊ का?’ तेव्हा त्याच माणसाचे कान का मिटतात? बसचे भाडे, राहण्याची सोय, लोकांची तोंडे, या अडचणी खऱ्या आहेत. मी त्या हसण्यावारी नेत नाही. त्यांवर बोलता येईल, पण आधी तिचे पुरते ऐकून तर घ्या. अकरावीचे अर्ज निघण्याआधी तिला एकदा समोर बसवा आणि कोणती शाखा घ्यायची आहे ते तिच्याच तोंडून ऐका.