मोजून सोळा

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. आज मोटारीच्या इंजिनाबद्दल बोलणार म्हटल्यावर तुम्हाला थोडं नवल वाटेल. पण माझं लहानपण शहागंजात गेलं. घड्याळाच्या मनोऱ्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, एका बोळात आमचं घर होतं आणि घरासमोर एक गॅरेज. घरात दखनी, शाळेत मराठी आणि गॅरेजात टॅपेट, गॅस्केट, कार्बोरेटर. या तीन भाषा मी एकदमच शिकलो. त्यातल्या तिसऱ्या भाषेतला एक हिशेब चाळीसहून अधिक वर्षं माझ्याकडे बाकी होता. गेल्या हिवाळ्यात तो चुकता करायची वेळ आली.

आमच्याकडे अब्बांची प्रीमियर पद्मिनी आहे. अब्बा सरकारी कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी जुनीच विकत घेतली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या तयार होत. आधी फियाट अकराशे, मग पद्मिनी. आमच्याकडे मात्र तिला शेवटपर्यंत सगळे ‘फियाट’च म्हणत. मुंबईची काळीपिवळी म्हणून तुम्ही तिला ओळखता. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली.

अब्बा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. रोजच्या वापराला नाही, पण महिन्यातून दोनदा मी ती खुलदाबादपर्यंत नेतो. गेल्या वर्षी दौलताबाद सोडून घाट चढायला लागलो की ती अडखळू लागली. सपाटीवर ठीक, उभी असताना आवाज गोड. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरू लागलं की मिस व्हायची, ताकद जायची. एका मेकॅनिकनं प्लग बदलले, पॉइंट बदलले, कार्बोरेटर धुतला. फरक शून्य. शेवटी त्यानं सल्ला दिला, “सर, भंगारात द्या.”

घरच्यांचंही तेच मत पडलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. ती तारीख दोन महिन्यांवर आली होती. मुलगा म्हणाला, “अब्बू, किती दिवस ओढणार?” उत्तर माझ्याकडे नव्हतं. भंगारात देण्याआधी एकदा उस्तादांना दाखवू, एवढंच मी ठरवलं.

उस्ताद म्हणजे आमच्या घरासमोरच्या त्या गॅरेजचे मालक. आता ऐंशीच्या घरात आहेत. गॅरेजचं शटर अर्धंच उघडं असतं. मुलगा शेंद्र्याकडे एका कारखान्यात नोकरीला आहे. तिथं गाडीला संगणक जोडतात आणि दोष पडद्यावर येतो. उस्ताद मात्र लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावत आणि दांडा कानाशी धरून आतला आवाज ऐकत. आता त्यांना ऐकू कमी येतं. त्या दिवशी त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “तुम शायर हो. तुम सुनो, मेरे कू बताओ.”

मी ऐकलं ते सांगितलं. हळू फिरताना लय बरोबर, वेग वाढवला की एखादी मात्रा गळावी तसं होतंय. उस्तादांनी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. चारही जवळजवळ सारखे निघाले. मग ते म्हणाले, “व्हॉल्व्ह जले नहीं. स्प्रिंगाँ थक गये.”

श्रोतेहो, इथं थोडं थांबून हे समजून घेऊ या. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला श्वास घ्यायला एक झडप असते आणि धूर सोडायला एक. त्यांनाच व्हॉल्व्ह म्हणायचं. पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या इंजिनात चार सिलिंडर, म्हणजे आठ व्हॉल्व्ह. इंजिनातला कॅम नावाचा उंचवटा फिरता फिरता व्हॉल्व्हला उघडतो. पण मिटवणं त्याच्या हातात नाही. ते काम स्प्रिंगेचं. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला दीड हजार वेळा, म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो. तितक्याच वेळा स्प्रिंगेनं त्याला परत जागेवर आणायचं.

वर्षानुवर्षं दबून आणि तापून स्प्रिंगेची ताकद कमी होते. हळू चालताना ती वेळ निभावून नेते. वेग वाढला की कमी पडते. व्हॉल्व्ह पुरता मिटायच्या आत पुढची पाळी येते, दाब निसटतो आणि गाडी चढावर दम टाकते. म्हणून कॉम्प्रेशन मोजताना काही दिसलं नाही. तेव्हा इंजिन हळू फिरत होतं.

हा प्रश्न काही आमच्या जुन्या पद्मिनीपुरता नाही. शर्यतीच्या गाड्यांचा वेग इतका वाढला, की तिथं धातूची स्प्रिंग पुरेना. त्या इंजिनांत आता स्प्रिंगेच्या जागी दाबाखालची हवा व्हॉल्व्ह मिटवते. आणि विजेवर चालणाऱ्या मोटारीत तर व्हॉल्व्हच नाही.

नव्या स्प्रिंगांचा सेट मुंबईहून, जुन्या गाड्यांचे सुटे भाग ठेवणाऱ्या एका दुकानातून मागवला. मी म्हटलं, “उस्ताद, जी खराब असेल तेवढीच बदलू.” ते म्हणाले, “आठों एकच उमर के हैं.” म्हणजे एक थकली असेल तर बाकीच्या सातही त्याच वाटेवर आहेत.

एका रविवारी सकाळी काम सुरू झालं. उस्तादांचे हात थरथरतात, म्हणून हात माझे आणि हुकूम त्यांचा. इंजिनाचं डोकं न उतरवता हे काम करायची त्यांची जुनी पद्धत आहे. स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह मोकळा होतो आणि खाली सिलिंडरमध्ये घसरू शकतो. म्हणून आधी पिस्टन वर यायला थोडा बाकी असताना थांबवायचा, तोही दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतानाच. मग प्लगच्या भोकातून स्वच्छ सुती दोरी आत सारायची. दोरीचं टोक मात्र बाहेर ठेवायचं. मग इंजिन हातानं हळूच फिरवायचं. पिस्टन वर येतो, दोरी दाबली जाते आणि व्हॉल्व्हला खालून उशीसारखा आधार मिळतो.

त्यानंतर वरचे रॉकर उतरवले. स्प्रिंग दाबायचं हत्यार लावलं. स्प्रिंग दबली की व्हॉल्व्हच्या दांड्याला धरून बसलेली दोन अर्धगोल लॉकं मोकळी होतात. हरभऱ्याच्या डाळीहून थोडी मोठी. ही दोन लॉकंच स्प्रिंगेच्या टोपीला व्हॉल्व्हशी बांधून ठेवतात. एका व्हॉल्व्हला दोन, आठ व्हॉल्व्हना सोळा.

पहिली जुनी स्प्रिंग बाहेर आली. मला ती नव्यासारखीच दिसली. तडा नाही, गंज नाही. उस्तादांनी जुनी आणि नवी स्प्रिंग टोकाला टोक लावून, मध्ये एक वायसर ठेवून, व्हाइसमध्ये धरायला लावली आणि व्हाइस आवळायला सांगितलं. दोघींवर भार सारखाच, पण जुनी जास्त दबत गेली. नवी आपली ताठ. एकटी पाहिली असती, तर जुन्या स्प्रिंगेत खोट काढता आली नसती.

मी दुसऱ्या स्प्रिंगेकडे वळलो, तेव्हा उस्ताद म्हणाले, “पहले चिंधी. छेद बंद कर. और लॉक गिनते जा, आवाज से.”

हे शब्द मी या जागेवर पूर्वी ऐकले होते. साल १९८२ असावं. मी बारा वर्षांचा. सुट्टीत गॅरेजात हाताखाली काम करायचो. अजिंठ्याला प्रवासी नेणारी एक टॅक्सी आली होती आणि तिच्या स्प्रिंगा बदलायचं काम चाललं होतं. दुपारी उस्ताद नमाजला गेले. जाताना मला सांगून गेले, लॉकं पुसून मोजून ठेव, छेदांवरची चिंधी काढू नको. मी हात पुसायला तीच चिंधी उचलली. एक लॉक बोटांतून सुटलं आणि छेदातून आत, थेट इंजिनाच्या पोटात गेलं.

मार बसेल म्हणून मी घाबरलो. मोडीच्या डब्यात जुनी लॉकं पडलेली असत. त्यातलं दिसायला तसंच एक मी उचललं, पुसलं आणि बाकीच्या पंधरांत ठेवलं. उस्ताद आले. “कित्ते?” मी म्हणालो, “सोळा.” त्यांनीही मोजले. सोळाच भरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती टॅक्सी माणसं घेऊन अजिंठ्याला गेली. शंभर किलोमीटर जाणं, शंभर येणं. मी दिवसभर बोळाच्या तोंडाशी उभा होतो. संध्याकाळी ती परत आली. पुढेही येत-जात राहिली. मी मात्र गॅरेजात जाणं बंद केलं. अभ्यासाचं निमित्त सांगितलं. अब्बा खूश झाले. मुलगा शिकायला लागला, बी.ए. झाला, कविता लिहू लागला, याचं त्यांना कोण कौतुक! त्या कौतुकाची सुरुवात कुठून झाली, हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्या रविवारी, हातात लॉक धरून, मी ते उस्तादांना सांगितलं. कमी ऐकू येतं म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं. मला वाटलं होतं, म्हातारा माणूस हसेल, पाठीवर हात ठेवेल. त्यांना तो प्रसंग आठवतच नव्हता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “डब्बे का लॉक लगाया?”

“हो.”

उस्तादांचा चेहरा बदलला. लॉक पडलं याचा त्यांना राग नव्हता. पडतं कधी कधी, चेंबर उतरवून काढता येतं. पण जोडीतलं एक लॉक झिजलेलं किंवा दुसऱ्या मापाचं असेल, तर धावत्या गाडीत स्प्रिंगेची टोपी निसटते. व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो, पिस्टन त्याच्यावर आपटतो आणि इंजिन जागच्या जागी फुटतं. “आदमी बैठे थे उस में,” ते म्हणाले. “गिनती बराबर थी, इस वास्ते मैं देखा नहीं.” मग उठले आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर गेले.

मी तसाच बसून राहिलो. त्या दिवशी माझ्यामुळे त्यांची मोजणी खोटी ठरली होती. आणि त्या खोट्या मोजणीवर त्यांच्या भरवशाची माणसं प्रवासाला गेली होती. काही झालं नाही, ही त्या माणसांची पुण्याई. इतकी वर्षं मी स्वतःच्या भीतीची आठवण काढत होतो. गाडीतल्या माणसांचा विचार तितका केला नव्हता.

अर्ध्या तासानं ते चहाचे दोन ग्लास घेऊन आले. एक माझ्यासमोर ठेवला. माफ केलं असं काही म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. फक्त म्हणाले, “गिन. फिर जोडी लगा के दिखा.”

मी प्रत्येक लॉक त्याच्या जोडीदाराशेजारी ठेवलं, माप जुळवलं आणि मोठ्यानं मोजलं. सोळा. उस्तादांनी एकेक बोटानं चाचपून पाहिलं. मग पुन्हा मोजायला लावलं. इंजिनाची पाळी एक-तीन-चार-दोन अशी असते. त्याच पाळीनं आम्ही एकेक सिलिंडर घेत गेलो. प्रत्येक वेळी दोरी आत, दोरी बाहेर. नवी स्प्रिंग बसली की वरून लाकडी मुठीनं हलकेच ठोकायचं, म्हणजे लॉकं आपल्या खोबणीत नीट बसली की नाही ते तिथल्या तिथं कळतं. शेवटी रॉकर चढवले आणि पात्यांच्या गेजनं टॅपेट जुळवले. संध्याकाळची अजान झाली, तेव्हा गाडी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उस्तादांना गाडीत घेतलं. दौलताबाद मागे टाकून घाट लागला. दुसरा गिअर घातला, वेग वाढवला. गाडी सरळ वर चढत गेली. उस्तादांना आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला होता आणि डोळे मिटले होते. खुलदाबाद येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तीन नंबर का टॅपेट जरा टाइट है. शाम कू लाना.”

संध्याकाळी नेली. टॅपेट टाइटच होतं.

महिन्याभरानं गाडीची तपासणी झाली आणि पाच वर्षांची नोंदणी मिळाली. माझ्या मुलानं कागद पाहिले आणि काही न बोलता फाइलमध्ये ठेवले. जुन्या आठ स्प्रिंगा उस्तादांकडेच आहेत. मोडीच्या डब्यात टाकायला मी उचलल्या, तेव्हा त्यांनी हात धरला. म्हणाले, तारेनं एकत्र बांध आणि वर चिठ्ठी लाव, नाहीतर उद्या कुणी पोरगं नव्या समजून लावेल. चिठ्ठी मीच लिहिली, मराठीत आणि उर्दूत: ‘थकलेल्या, वापरू नयेत.’