आढ्याची टोपी आणि घरातला कापूस
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलायचं आहे, पण सुरुवात छपरापासून करतो. हसू नका. भाव पडला की आम्ही सांगतो, घाई करू नका, माल घरात ठेवा. मीही गावोगाव हेच सांगत फिरलो. पण ठेवायचा कुठं? पत्र्याच्या खोलीत. ती खोलीच गळत असेल तर थांबणार कोणाच्या जिवावर?

माझ्याच घरची गोष्ट. मी कृषी पदवीधर! वेचलेला कापूस खोलीत भरला. जानेवारीत अवकाळी आला अन् भिंतीकडचा ढीग भिजला. मी भिंतीवरचा पत्रा बदलला. पुढच्या पावसात पुन्हा तिथंच ओल. शेवटी आई म्हणाली, "अरे, वर बघ, बल्लीवर ओघळ दिसते." पाणी शिरत होतं आढ्यातून आणि बल्लीवरून धावत येऊन भिंतीशी टपकत होतं. कापूस पिवळा पडला. व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यावा लागला.

पाणलोटाचं काम आपण माथ्यापासून पायथ्याकडं करतो. छपराचं उलटं. पत्रे वळचणीपासून वर चढतात, आढ्यावरची घडीची टोपी सगळ्यात शेवटी बसते. तोवर पैसे संपलेले, मिस्त्रीला घाई. उरलासुरला तुकडा ठोकून तो मोकळा होतो. तिथंच घर फसतं.

म्हणून चार गोष्टी उभं राहून करून घ्या.

एक, टोपी दोन्ही उतारांवर निदान 6 इंच खाली आली पाहिजे.

दोन, टोपी बसवण्याआधी पत्र्याच्या वरच्या टोकाला पन्हळीचा काठ पकडीनं वर वळवा. वाऱ्यानं वर ढकललेलं पाणी तिथं अडतं.

तीन, आपल्याकडं पावसाळी वारा बहुतेक पश्चिमेचा, नैऋत्येचा. आढं पूर्व-पश्चिम असेल तर पहिला तुकडा पूर्वेच्या टोकाला लावा आणि पुढचा प्रत्येक तुकडा आधीच्यावर 6 इंच चढवा. मग सांध्याचं तोंड वाऱ्याकडं राहत नाही.

चार, स्क्रू पन्हळीत मारू नका, उंचवट्यावर मारा. खाली रबरी वायसर हवाच. वायसर दबेल इतकंच आवळा, फाटेल इतकं नाही.

कवेलूचं घर असेल तर आढ्यावरच्या कवेलांखाली निव्वळ सिमेंट भरू नका. लाकूड हलतं, सिमेंट तडकतं, चिरेतून पाणी आत. चुना-वाळूचा माल बरा.

अवकाळी कधीतरीच येतो म्हणाल, तर 2014 च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवा. आणि हमीभावाच्या खरेदीत कापसाचा ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, 12 च्या वर गेला की गाडी परत. पावसानं भिजवलेल्या मालाची बाजू घेऊन मी तरी काटा-ग्रेडरशी काय भांडू?

भावासाठी भांडावं लागेलच, त्यात मी तुमच्यासोबत आहे. पण आज घरी गेलात की एक करा. उद्या भर दुपारी खोलीचं दार लावून आत उभे राहा आणि आढ्याकडं बघा. उजेडाची चीर दिसली, तर वेचणी सुरू होण्याआधी मिस्त्रीला बोलवा. त्याच्यासोबत शिडीपाशी स्वतः उभे राहा.