जबाब वेगळा, गोष्ट वेगळी

अत्याचार सोसलेलं मूल पोलिसांना, कोर्टाला घडलेलं सांगतं. पण तो झाला जबाब. स्वतःची गोष्ट निराळी. कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंजर या अमेरिकी तज्ज्ञांच्या उपचारपद्धतीत मूल समुपदेशकासोबत चक्क छोटं पुस्तक तयार करतं. पहिलं पान साधंच: माझं नाव, शाळा, आवडीनिवडी. तो प्रसंग नंतर, झेपेल तसा, थोडा थोडा. ‘मी ओरडले नाही, म्हणजे चूक माझीच’ असं वाक्य बरेचदा येतं. तिथं थांबून दोघं ते तपासून बघतात. शेवटच्या पानावर मूल आपल्यासारख्याच दुसऱ्या मुलाला चार शब्द सांगतं. मला तर हेच पान सर्वांत मोलाचं वाटतं. घरच्यांनी मात्र खोदून खोदून विचारू नये. मदत हवी असल्यास १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर मोफत फोन करा.