बरोबर कोण आहे?

(महाड येथील महिला मेळाव्यात पोलादपूर तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. अंगणवाडीत पोरांपुढे बोलते तेवढंच. पण मंडळाच्या ताई म्हणाल्या, तू लेकीबरोबर सायकलवरून रत्नागिरीपर्यंत गेलीस, ते सांग. म्हणून उभी राहिले.

माझं वय ५२. लेक २६ वर्षांची, पनवेलला नोकरी करते. गेल्या थंडीत आम्ही दोघी पोलादपुरातून निघालो. महाड, टोळ फाटा, आंबेत करत मंडणगड. मग केळशी, आंजर्ले, हर्णे, दापोली. दाभोळला फेरीबोटीनं खाडी ओलांडून गुहागर. तवसाळला पुन्हा बोट, पलीकडे जयगड, मालगुंड, गणपतीपुळे आणि पाचव्या दिवशी रत्नागिरी. कोकणातला रस्ता तुम्हाला माहीत आहे. चढ संपला की खाडी, खाडी संपली की पुन्हा चढ. अर्धे चढ मी सायकल हातात धरून चढले. त्याची मला लाज नाही.

सांगायचं आहे ते दुसरंच. वाटेत एक प्रश्न आम्हाला रोज भेटला. चहाच्या टपरीवर, बोटीवर, मुक्कामाच्या ठिकाणी. "बरोबर कोण आहे?" मी सांगायची, आम्ही दोघी आहोत. "ते दिसतंय हो, पण बरोबर कोण आहे?" एका लॉजवाल्यानं तर खोली रिकामी असून दिली नाही. म्हणाला, जेंट्स असते तर दिली असती. म्हणजे बघा, दोन बाया मिळून दोन माणसं होत नाहीत. दोघी असूनही आम्ही एकट्याच.

आता हर्णेचं सांगते. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो. भर गर्दीत कोळणी पुरुषांच्या बरोबरीनं बोली लावतात, भांडतात, पाट्या उचलून चालू लागतात. त्यांना कुणी विचारत नाही बरोबर कोण आहे म्हणून. का? त्यांच्या डोक्यावर पाटी आहे. माझी आई मोळी घेऊन रानातून एकटी यायची, तिलाही कुणी विचारलं नाही. पाण्याला जा, बाजाराला जा, दवाखान्यात जा, बाईला रस्ता मोकळा. हात रिकामे असले, कामाशिवाय कुठं निघाली, की चौकशी सुरू. ओझं हाच आपला पास आहे.

हा प्रश्न नवा नाही. लहानपणी बापाच्या ताब्यात, लग्नानंतर नवऱ्याच्या, म्हातारपणी मुलाच्या, बाईनं स्वतंत्र राहूच नये, असं मनुस्मृतीत लिहिलं होतं. ती मनुस्मृती आपल्या याच महाडात २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळली. त्या परिषदेला बायाही आल्या होत्या, आणि बाबासाहेब त्यांच्याशी वेगळं बोलले होते. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी प्यायले. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. पण माणसं चालत तळ्यापर्यंत गेली, ओंजळीनं पाणी प्यायली, त्यासाठी मार खाल्ला, तेव्हा तो ठराव कागदावरून खाली उतरला. त्यांचं पाणी आणि माझी सायकल मी एका मापानं मोजत नाही. तो माणूसपणाचा लढा होता. मी एवढंच शिकले, की सार्वजनिक असं नुसतं लिहून काही सार्वजनिक होत नाही. वापरावं लागतं.

दापोलीजवळ वणंदला आम्ही थांबलो. ते रमाबाईंचं माहेर. त्यांचे वडील दाभोळ बंदरातून मासळीच्या पाट्या वाहायचे. आम्ही दाभोळच्या उतारावरून भन्नाट खाली आलो, तेव्हा मला तो डोक्यावरचा भार आठवला. ज्यांनी ओझी वाहिली, त्यांच्यामुळे आज आपले हात थोडे तरी रिकामे आहेत.

आता जरा आपल्या घरात येते. लेक नववीत असताना सायकलनं शाळेत जायची. वाडीत कुणीतरी बोललं. मी त्याच दिवशी सायकल माळ्यावर टाकली. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, मी. ती रडली, मग गप्प झाली. पुढं पनवेलला गेली तरी रोज रात्री फोनवर माझा पहिला प्रश्न, "बरोबर कोण आहे?" जयगडच्या बोटीत ती मला म्हणाली, "आई, तो लॉजवाला तुझ्याच आवाजात बोलत होता." मी पाण्याकडे बघत राहिले. काय बोलणार?

निघण्याआधी मी पाच दिवसांची चटणी, पीठ, कडधान्य काढून ठेवत होते. लेक म्हणाली, राहू दे, बाबांना हात आहेत. आले तेव्हा घर जागेवर होतं. भांडी घासलेली होती, जरा तेलकट. त्याचं कौतुक मी मुद्दाम केलं नाही. माझं कुणी करतं का?

तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता मोहिमेतच बायांना सायकल शिकवली. जिल्हाधिकारी बाईच होत्या. हजारो खेड्यातल्या बाया शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तर दांडीच्या घेतल्या. म्हणाल्या, बरंच झालं, दांडीवर पोर बसवता येतं. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी सरकारनं पैसे दिले, तर मुलींची माध्यमिक शाळेतली भरती सुमारे ३० टक्क्यांनी वाढली, असं अभ्यासात दिसलं. सायकल म्हणजे चैन नव्हे.

अडचणी खोट्या नाहीत. पाच दिवसांत सगळ्यात जास्त हाल संडास-मोरीवाचून झाले. पाणी कमी प्यायचं ठरवलं, तर दुसऱ्याच दिवशी पायात गोळे आले. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायची धास्ती रोज होती. हमरस्त्यावर ट्रक अंगावर येतात. म्हणून आपल्या मंडळांनी स्वच्छतागृहं मागावीत, रस्त्यावर दिवे मागावेत, बाईला खोली नाकारणाऱ्याला जाब विचारावा. आणि गावागावांत बायांना सायकल शिकवावी, पन्नाशीच्या बायांनाही.

पण एक काम मागणीपत्रात बसणारं नाही, ते आपल्याच हातात आहे. उद्या तुमची लेक, सून, शेजारीण कुठं निघाली तर "बरोबर कोण आहे?" विचारू नका. "कधी येशील, काही लागलं तर फोन कर," एवढं म्हणा. मी आता तसंच म्हणते. अजून जीभ अडखळते, पण म्हणते.

माळ्यावरची ती सायकल मी खाली काढली आहे. नवे टायर घातलेत. आज मी तिच्यावरूनच आले. बरोबर कुणी नव्हतं.